फोटोतली बाई

माझं नाव विजयमाला. बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी ते एकदाच घेतलं, लग्नात, बायांनी उंबऱ्यावर वाट अडवून धरली तेव्हा, उखाण्यात. एरवी मी नुसती "अगं". चहा हवाय, अगं. टॉवेल कुठाय, अगं. वैताग यायचा मला. ह्यांचं नाव मीही घेत नाही म्हणा; दवाखान्याच्या कागदावर गहिनीनाथ असं लिहिलंय.

माघात फॅक्टरीवर उसाची बैलगाडी नेताना हे वाटेतच कोसळले. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, शब्द सापडत नाहीत. साधी हाक मारता येत नाही, म्हणून मी नजरेआड जात नाही. गोठ्यात शेण काढायचं तेही अर्धं लक्ष दाराकडे ठेवून. रात्री चारदा उठून बघते. पाच महिने झाले, अंगात त्राण उरलं नाही.

दर गुरुवारी राहुरीहून निकिता मॅडम बोलायला शिकवायला येतात. फोटो दाखवतात. तांब्या जमला नाही. "बैल" मात्र लख्ख म्हणाले. मग मॅडमनी माझा फोटो धरला.

"काका, ह्या कोण? नाव सांगा. वि..."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मॅडमनी वहीत फुली मारली.

"मॅडम, इसरले न्हाईत ते. लाजत्यात."

"मावशी, आता कसली लाज? रोज म्हणवून घ्या."

महिनाभर म्हणवून घेतलं. वि. ज. य. हे घामाघूम, मी रडकुंडीला. एकदा तोंडातून निघून गेलं, "बैलाचं नाव येतं, बायकूचं न्हाई व्हय?" ह्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी तो नाद सोडला.

काल दुपारी गोठ्यात शेण भरत होते. घरातून आवाज आला.

"अगं."

पाटी तिथंच टाकून पळाले. दारापाशी पोचले आणि थांबले. भिंतीला टेकून उभी राहिले, त्यांना दिसणार नाही अशी.

"अगं!" ह्या वेळी चिडून, अगदी पूर्वीसारखं.

बत्तीस वर्षं पहिल्या हाकेला ओ देत आले. काल तिसरी येईपर्यंत दिली नाही.