शेंगदाण्याचा तास

तळहातावरचा शेंगदाणा… एकच, खारा, एका बाजूचं साल निघालेलं… आणि त्याच्याकडे म्हणे दोन मिनिटं बघायचं. उर्मिलाने बघितलं. शेंगदाणाच होता.

“फक्त हा क्षण,” पांढऱ्या सदऱ्यातला पराग सांगत होता. “बुद्ध सांगून गेलेत, काल संपला, उद्या अजून आलेला नाही.” इंद्रलोक वसाहतीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये तीस माणसं माना डोलवत होती. बुद्धाने राज्य सोडलं. ह्याला साधा माईक सोडवत नाही. एकतीस वर्षं तिने दुसरीच्या मुलांना अशाच दाण्यांवर वजाबाकी शिकवली होती, वजा झालेले खाऊन टाकायचे. तीही पोरं पूर्ण त्या क्षणात असायची, पण त्याचं शिबिर भरवत नव्हती.

आणि वर्तमानातच जगायचं तर शेजारी बसलेल्या सुभाषकडून शिका की. तिच्या नवऱ्याला काल उरलेला नाही. सकाळचा चहा अर्ध्या तासात पुसला जातो. म्हणून तर स्वयंपाकघरात तिने फळा टांगलाय… वार, दिनांक, खाली ‘पत्नी : उर्मिला’. रोज तोंडी परीक्षा. आज त्याने सगळं बरोबर वाचलं, मग फळा उलटा करून तिने विचारलं, “मी कोण?” तो हसला, पाठांतर न केलेल्या मुलासारखा. “उर्मिला! किती वेळा सांगायचं तुम्हाला?” ती ओरडली. दुसरीतल्या एकाही पोरावर कधी चढला नव्हता तो आवाज…

संध्याकाळी लेक फोन करेल. “आई, बाबांनी ओळखलं का गं?” नाही म्हटलं की रुचिता काशीमीऱ्याच्या पुढच्या वृद्धाश्रमात त्याचं नाव घालणार, असं ठरलंय. घरी गेल्यावर अजून एकदा विचारता येईल. शेवटचं.

“आता डोळे मिटा.”

सुभाषने मिटले नाहीत. दाणा चिमटीत चोळून त्याने फुंकर मारली. साल उडून पुढच्या गृहस्थांच्या टकलावर बसलं. तो खुदकन हसला. मग दाण्याची दोन दलं करून त्याने एक तिच्यापुढे धरलं.

“घ्या ना बाई. मस्त खारा आहे.”

“काका, अजून खायचं नाहीये,” पराग म्हणाला.

“का? सादळेल ना!”

हॉल हसला.

एकेचाळीस वर्षं ‘अगं’ म्हणणारा माणूस… घ्या, बाई. परक्या बाईला म्हणावं तसं. पण तीस माणसांतून अर्धा दाणा दिला तो मलाच. मी तो तोंडात टाकला. खरंच खारा होता. आणि जिभेवर तयार असलेला तो प्रश्न—मी कोण—मला एकदम किळसवाणा वाटला, वर्गाला घाबरलेल्या मास्तराने उगाच दरडावून विचारावा तसा.

मग रुचिताला काय सांगायचं? ओळखलं, की नाही? विचारलंच नाही, हे काही उत्तर नव्हे. माझा स्वतःचा दाणा मुठीत अख्खाच होता, घामाने सादळत चाललेला; आणि जिची सकाळपासून धास्ती घेतली होती ती संध्याकाळ अजून आलेली नव्हती… छे, हे तर त्या परागचंच वाक्य.