कराराचं मीठ

मी एक जुना सट आहे, चिनी मातीचा, मुठीत मावेल एवढा. झाकणाचा टवका उडाला आहे, पण अंगावरची चकाकी अजून गेलेली नाही, हे मी जरा मिरवतच सांगतो.

मित्रांनो, भट्टीतून निघालो तेव्हा आम्हा भावंडांना लोणच्याची स्वप्नं पडत होती. खडकी बाजारात चांदभाईंच्या हातगाडीवरून मैनाबाई किहीमकरांनी मला उचललं आणि घरी नेऊन माझ्यात भरलं काय, तर मीठ! कैरी नाही, लिंबू नाही, नुसतं मीठ. मी हिरमुसलो.

मग पहिला शुक्रवार आला. किहीमकर हे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांचा शब्बाथ, आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, शुक्रवारी दिवेलागणीला सुरू होतो. मैनाबाईंनी दिवे लावले, काळ्या मनुकांचं सरबत आणि पाव मांडला आणि मला मधोमध ठेवलं. त्यांचे यजमान एलिझर दारूगोळा कारखान्यात फोरमन होते. सगळी वसाहत त्यांना आप्पासाहेब म्हणे. त्यांनी प्रार्थना म्हटली, पावाचा तुकडा माझ्यातल्या मिठाला लावला आणि आपल्या लहानग्या मुलाला सांगितलं, "यरुशलेमच्या मंदिरात मिठाशिवाय अर्पण वेदीवर चढत नसे. मीठ नासत नाही ना! देवाने आपल्याशी केलेला करारही तसाच. त्या मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नव्हती, कराराच्या दगडी पाट्या होत्या. आधी देवाचा शब्द, मग मंदिर. पुढे शत्रूंनी मंदिर जाळलं, करार मात्र राहिला. आता आपलं हे टेबल हीच वेदी."

त्या दिवसापासून मी लोणच्याचं नाव काढलं नाही.

वर्षं गेली. मैनाबाई दर गुरुवारी मला धुऊन उन्हात वाळवत. त्या वारल्यावर ते काम सून शुलामिथने न सांगता हाती घेतलं. तिचा नवरा, तोच लहानगा मुलगा, आता बोटीवर नोकरीला असतो. घरात आप्पासाहेब, शुलामिथ आणि दहा वर्षांची नात ओवी.

गेल्या वर्षी आप्पासाहेबांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. शुलामिथने मला उचलून फ्रिजवर, औषधांच्या डब्यामागे ठेवलं.

"मीठ नाही, तर पावावर प्रार्थना नाही," आप्पासाहेब कडाडले.

"अहो बाबा, चिमूटभर द्यायला माझी ना नाही. पण तुमची चिमूट मला माहीत आहे," शुलामिथ म्हणाली.

दोघांचं बोलणंच बंद झालं. तीन शुक्रवार टेबलावर कोणी बसलं नाही. आप्पासाहेब ताट घेऊन खोलीत, शुलामिथ स्वयंपाकघरात, ओवी टीव्हीसमोर. वरून मला सगळं दिसत होतं. अंगावर धूळ बसली त्याचं काही वाटलं नाही, पण माझ्यावरून हे घर तुटतंय या विचाराने जीव कासावीस व्हायचा.

चौथ्या शुक्रवारी ओवी आजोबांच्या दारात उभी राहिली.

"आजोबा, देवाचं अख्खं मंदिर जळलं तरी करार टिकला ना?"

"टिकला."

"मग सट फ्रिजवर गेल्यावर तो मोडला कसा?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ताट उचलून बाहेर आले. "शुलामिथ, दिवे लाव. मिठाशिवायच बसू. मनात अढी ठेवून वेदीवर काही चढवलं तर देवाला ते नको, हे जुने संदेष्टे ओरडून सांगत होते. मी तुम्हाला जन्मभर ऐकवलं, स्वतः मात्र ऐकलं नाही."

 शुलामिथने स्टूल ओढलं, मला खाली काढलं, ओढणीने पुसलं आणि टेबलावर मधोमध ठेवलं. पाव तोडल्यावर तिने माझ्यातले तीन-चार कण बोटावर घेतले आणि सासऱ्यांच्या तुकड्याला स्वतःच्या हाताने लावले.

"एवढंच हं."

"पुष्कळ आहे," आप्पासाहेब म्हणाले.

आता दर शुक्रवारी असंच होतं. चांदभाईंचे, मैनाबाईंचे, ओवीचे माझ्यावर किती उपकार आहेत! त्या डॉक्टरांवरचा रागही मी केव्हाच सोडला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फुटलो तर दुसरा सट मिळेल. फक्त घरातल्या माणसाला रागाच्या भरात असं फ्रिजवर ठेवून देऊ नका. स्टूल घेऊन खाली काढणारं कोणी प्रत्येकाच्या नशिबी असतंच असं नाही. माझ्या होतं.