मागचे पाय

“श्वास सोड. अजून सोड. पोट आत घे की जरा! घोडा आहेस तू, म्हैस नाहीस,” टेलर म्हणाला आणि रंगवाल्याच्या मानेमागचा शेवटचा हूक त्याने खटकन बसवला.

घोड्याचं डोकं रंगवाल्याच्या खांद्यांवर घट्ट बसलं. तोंडातल्या जाळीतून त्याला स्टेडियमखालची ती कोंदट खोली दिसू लागली. भिंतीला टेकवलेले झेंडे, फाटका चेंडू, कोपऱ्यात बंद पडलेला पंखा. डोकं एकदा चढलं की ते त्याला स्वतःला काढता येत नसे. हूक बाहेरून, आयाळीखाली, आणि त्याचे हात कापडाच्या आत. काढायचं ते टेलरनेच. मग टेलर वाकून घोड्याच्या पोटाखालून आत शिरायचा, आतून चेन ओढायचा, रंगवाल्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा, आणि संघाचा लाडका घोडा तयार व्हायचा.

दोघं एकमेकांचे साडू. टेलरची बायको थोरली, रंगवाल्याची धाकटी. घरात कुठल्याही कार्यात पहिला मान टेलरचा. पण उंची रंगवाल्याची जास्त, म्हणून घोड्यात तो पुढे आणि टेलर मागे. सासूबाई होत्या तोवर दर वर्षी न चुकता म्हणायच्या, “थोरल्या जावयाला कुठं नेऊन ठेवलंय बघा!” टेलरला त्याचं काही वाटत नसे. घोडा त्याने स्वतः शिवला होता. रंगवाला दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकांना भिंतीचे रंग मिसळून द्यायचा. त्यानेच घोड्याला हा तांबूस रंग काढून दिला होता. आतल्या आत बोलायला त्यांनी पट्ट्याची भाषा केली होती. मागून एका बाजूला ओढलं की त्या बाजूला वळ, हलवलं की नाच सुरू, दोनदा खाली ओढलं की थांब. हे शेवटचं टेलरने इतक्या वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं.

“मागचे पाय थांबले तर घोडा कसला?” तो म्हणायचा.

आज मोसमाचा शेवटचा सामना होता. गुरुवारी टेलरचं ऑपरेशन. मानेतली रक्ताची नळी अरुंद झाली होती. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं की फार वाकायचं नाही, उकाड्यात राबायचं नाही आणि ऑपरेशन लांबवायचं नाही. टेलरने तिन्ही गोष्टी मान हलवून ऐकल्या आणि घरी येऊन म्हणाला, “मोसम संपला की करू.”

हे वाक्य आता दोन्ही घरांत दातदुखीसारखं ठाण मांडून बसलं होतं. मोसम संपला की गळकं छत बघू, मोसम संपला की पोरीकडे चार दिवस जाऊन येऊ. पूर्वी याला अर्थ होता. पूर्वी थंडी सरता सरता फुटबॉल संपायचा. मग टेलर घोडा गच्चीवर न्यायचा, बैठक मारून त्याची शिवण न् शिवण उसवायचा, तुकडे धुऊन दोरीवर टाकायचा. ते कडक वाळले की पुन्हा शिवायला घ्यायचा. दोघी बहिणी तिथेच चहा आणायच्या. घोडा वाळेपर्यंत दोन्ही घरं सुट्टीवर असायची. आणि आता? लीग संपली की कप, कप संपला की त्या कपाचा आणखी कुठला तरी कप, मग प्रायोजकांच्या हौसेचे मैत्रीचे सामने, आणि ते आटपेपर्यंत नवी लीग दारात उभी. घोडा वाळायला सवडच नव्हती. गेल्या सामन्याचा घाम पुढच्या सामन्यात अंगाला लागायचा. माणसांचं सोडा, कापडालाही विश्रांती लागते, एवढी साधी गोष्ट काचेच्या केबिनमध्ये बसून सामने ठरवणाऱ्या एकालाही कळू नये?

दार उघडून इव्हेंटवाला आला. सामन्याच्या आधीमधी लोकांची करमणूक करायची जबाबदारी याची. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन, आणि टेलरच्या मुलाच्या वयाचा असूनही त्याच्या पाठीवर थाप मारायची सवय.

“काका, गुड न्यूज! आज शेवटची मॅच नाही. नवा कप अनाउन्स झालाय. सोमवारपासून.”

“गुरुवारी माझं ऑपरेशन आहे,” टेलर म्हणाला.

“मग ढकला ना थोडं पुढे. फक्त चारच मॅचेस आहेत, काका. फार तर पाच, फायनलला गेलो तर.”

रंगवाल्याचं टाळकं सणकलं. “अरे ए! माणूस आहे की कोण आहे तो? मानेची नळी बंद व्हायला आलीय त्याची, आणि तू चार-पाच काय करतोस?” तो ओरडला. पण बाहेर आलं ते नुसतं गुंगुं. घोड्याच्या डोक्यात आतून फोम भरला होता; आवाज खाली धडात जायचा, बाहेर नाही. वर घोडा हसत होता. टेलरने त्याची जिवणी तशीच शिवली होती.

“बघा, घोडापण खूश!” इव्हेंटवाला म्हणाला. “आणि नसेल जमत तर टेन्शन घेऊ नका. हवेचा घोडा मिळतो आता, फुगवायचा. एकच माणूस लागतो. हे जुनं काढून टाकू.”

टेलरने घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला. “बघू,” म्हणाला.

त्याचं ‘बघू’ म्हणजे ‘हो’ हे सगळ्या खानदानाला ठाऊक होतं. रंगवाला आत चरफडत राहिला. या साडूला बकोटीला धरून घरी न्यावं, त्याच्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतावं, असं त्याला वाटलं. पण टेलर तोवर वाकून आत शिरलाही होता. चेन सरकल्याचा आवाज आला. पट्टा पकडला गेला.

“साडूभाऊ, आपण आज नाही जायचं. हूक काढा.”

“चल रे. शेवटचं आहे.”

“शेवटचं नाहीये! ऐकलंत ना तुम्ही!”

“ऑपरेशनआधीचं तरी शेवटचं आहे ना? चल.” आणि पट्टा हलला.

बोगद्यात संघाचा कप्तान भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या. घोडा दिसल्यावर त्याने हात वर केला. “काय घोडेबुवा, तुम्हाला तरी सुट्टी देतात की नाही? आम्हाला तर कुणी विचारतही नाही. माझी मुलगी मला टीव्हीवरच ओळखते.” तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. अर्धं स्टेडियम रिकामं. जे आले होते तेही छपराच्या सावलीत अंग चोरून बसलेले. प्रेक्षकांनाही कंटाळा आला होता. रोज पंगत उठायला लागली की पक्वान्नही घशाखाली उतरत नाही. मग हे सगळं कुणासाठी चाललं होतं? टीव्हीवर दोन जाहिरातींच्या मधली जागा भरायला. त्या जागेत बावीस जणांनी धावायचं आणि घोड्याने नाचायचं.

संगीत सुरू झालं. घोडा दौडत निघाला. पुढचे पाय, मागचे पाय, पुढचे, मागचे. टेलर ताल सोडत नव्हता. त्याचा श्वास रंगवाल्याला पाठीवर जाणवत होता, भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तसा. पहिल्या कोपऱ्यावर पट्टा वळला, घोडा वळला. दुसऱ्या कोपऱ्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या, घोड्याने मान हलवली.

“ठीक आहात ना?” रंगवाल्याने ओरडून विचारलं.

उत्तर म्हणून नुसता पट्टा हलला. नाच.

तो नाचला. आणि नाचता नाचता त्याला पट्टा हलका लागला. आधी एक हात सुटला होता. तो घाम पुसत असेल, असं रंगवाल्याला वाटलं. मग दुसरा सुटला. मागचे पाय बसले. त्या वजनाने पुढचेही वाकले, आणि संघाचा घोडा भर मैदानात ढुंगणावर बसला.

स्टेडियममध्ये हशा पिकला. आज पहिल्यांदाच लोकांना मजा आली होती.

“साडूभाऊ!” रंगवाला ओरडला. “अहो साडूभाऊ!”

“आमचा घोडा दमला बरं का मंडळी!” लाउडस्पीकरवर इव्हेंटवाल्याचा आवाज घुमला. “एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!”

टाळ्या झाल्या. रंगवाला हात वर करू बघत होता, पण हात आत. मागे वळू बघत होता, पण डोकं वळू देत नव्हतं. चेन टेलरच्या अंगाखाली दबली होती. रंगवाल्याने दोन्ही मुठींत घोड्याचं पोट धरलं आणि शिवणीवर फाडायला जोर लावला. शिवण जागची हलली नाही. पुन्हा लावला. नखं उलटली. दुहेरी शिलाई, वरून आणखी टाका. टेलरने ती या दोघांच्या नाचाला पुरून उरेल अशी घातली होती. रंगवाला रडत होता, शिव्या देत होता. इव्हेंटवाल्याला, कपाला, कप काढणाऱ्याला, टाळ्या वाजवणाऱ्यांना, स्वतःच्या त्या मुक्या हसऱ्या थोबाडाला. बाहेरून बघणाऱ्यांना घोडा हसत हसत अंग घुसळताना दिसत होता.

कप्तानालाच काय ते कळलं. तो लंगडत धावत आला, आयाळीखाली हात घालून त्याने हूक काढले, आणि आतला चेहरा बघून पंचांकडे वळून दोन्ही हात हलवायला लागला. मग संगीत थांबलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, “जीव वाचला. उजवी बाजू गेलीय, बोलणंही. किती परत येईल सांगता येत नाही. आधीच यायला हवं होतं तुम्ही.”

“मोसम चालू होता,” रंगवाला म्हणाला.

“कसला मोसम?”

ते सांगायला गेलो तर आपण या भल्या माणसाची कॉलर धरू, अशी रंगवाल्याला भीती वाटली.

टेलरची बायको बाकावर बसली होती. लहानपणापासून धाकटीला ती कधी रागावली नव्हती, मग धाकटीच्या नवऱ्याला कुठली रागावणार? पण त्या दिवशी तिने मान वर केली.

“तुम्ही पुढे होतात ना? त्यांना आत काही दिसत नाही. दिसत होतं ते तुम्हाला.”

“ताई, मी म्हटलं होतं त्यांना...”

“म्हटलं होतंत. आणि मग निघालात.”

तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. रंगवाल्याला राग आला तो टेलरचा. दोनदा ओढायचं होतं फक्त. दोनदा! हात सुटेपर्यंत पट्टा हलवत राहिला हा माणूस, नाच म्हणून, पण थांब म्हणाला नाही.

टेलर घरी आला तेव्हा नवा कप अर्ध्यावर आला होता. घोडा त्याच्याआधीच घरी पोचला होता. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये रंगवाल्याने त्याला ओढून आत घेतलं होतं, आणि तेव्हापासून तो कॉटखाली कुबट वास मारत पडला होता. इव्हेंटवाल्याचे फोन येत होते. आधी विचारपूस, मग “घोडा तुमच्याकडेच आहे ना, काका?”, मग नुसतं “घोडा?”

एका सकाळी ताईने कॉटखालून घोडा ओढून काढला आणि गच्चीवर नेला. रंगवाला आणि त्याची बायको आले तेव्हा ती नवऱ्याची छोटी कात्री घेऊन बसली होती. पोटाची शिवण तिने अर्धी उसवली होती. धाकटी तिच्याशेजारी बसली, रंगवाल्याने मान घेतली. फाडून न फाटणारी ती शिलाई टाका टाका कापला की निमूट सुटत होती. दुपारपर्यंत घोड्याचे तुकडे धुऊन दोरीवर आले. पाठ, पोट, चार पाय, शेपूट, आणि कठड्यावर जिवणी उसवलेलं डोकं.

तेवढ्यात जिन्यावरून इव्हेंटवाला वर आला. त्याच्या मागे तालीमबाज अंगाचा एक जिम ट्रेनर होता, नवे मागचे पाय म्हणून आणलेला.

“काकू, काकांची तब्येत कशी... अरे! हे काय केलंत? उद्या फायनल आहे! फुगवायचा घोडा नको म्हणतात लोक, त्यांना हाच हवाय. तो बसतो ना, ते व्हायरल झालंय!”

रंगवाला कात्री घेऊनच उठला. बायकोने त्याचा हात धरला. ताई मात्र जागची हलली नाही. दोरीवरचा एक पाय उलटा करून तिने त्याची ओली बाजू उन्हाकडे केली.

“वाळू दे,” ती म्हणाली.

“पण काकू, कधीपर्यंत?”

“वाळेपर्यंत.”

इव्हेंटवाला उभाच राहिला, हातातले दोन्ही फोन वाजत असताना.

ताई रंगवाल्याला म्हणाली, “त्यांना वर आणा. उन्हात बसू देत जरा.”

रंगवाला खाली गेला. डॉक्टरने टेलरला धरून धरून चालवायला सांगितलं होतं. काठी त्याला नको होती; डोळे वटारून त्याने ती दोनदा ढकलून दिली होती. रंगवाला त्याच्यापुढे पाठमोरा उभा राहिला. टेलरने डावा हात पुढे करून त्याच्या कमरेचा पट्टा धरला.

ते जिना चढले. एक पायरी, दम, एक पायरी. मागून उजवा पाय ओढत येत होता. गच्चीच्या दारात ऊन लागलं. समोर दोरीवर सगळा घोडा पसरलेला. टेलरने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला. रंगवाल्याला सवयीने पुढे जायचं होतं, खुर्ची पलीकडे होती, त्याने पाऊल उचललंही.

मागून पट्टा खाली ओढला गेला. एकदा. मग पुन्हा एकदा.

रंगवाला थांबला.