तबकडीचं कुलूप

मी एक जुना काळा फोन आहे. अंगाने दणकट आणि आवाजाने खणखणीत. मित्रांनो, आज मी कोपऱ्यातल्या तिपाईवर मुकाट बसलेला दिसतो, पण एके काळी आमच्या इमारतीत माझ्यावाचून पान हलत नसे.

मला कोणत्या कारखान्यात कोणी घडवलं, ते आता आठवत नाही. आठवतं ते हे घर. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे बाबा, आई आणि त्यांची मुलगी बबी. माझ्यासाठी नाव नोंदवलं तेव्हा बबी रांगत होती. मी घरात आलो तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती. आईने मला लोकरीचं झाकण विणलं. पहिल्यांदा माझी घंटी वाजली तेव्हा तिघंही दचकली आणि मग मला कोणी उचलायचं यावरून भांडली.

पण कौतुकाबरोबर कटकटही आली. इमारतीत मी एकटाच. कुणाच्या मावशीचा, कुणाच्या जावयाचा, सगळ्यांचे निरोप माझ्याकडे. आईची भाजी करपायची आणि ती जिन्यात उभी राहून हाका मारायची, "अहो काकू, फोन आलाय!" लोक फोन करायलाही येत, बसत, चहा घेत, घरच्या तक्रारी माझ्या कानात ओतत. बाबा वर्तमानपत्रामागे तोंड लपवून सगळं ऐकायचे. त्यांना धड झोपायलाही मिळेना.

शेवटी बाबांनी एक छोटं कुलूप आणलं आणि माझ्या तबकडीच्या एका भोकात अडकवलं. आता आलेला फोन घेता यायचा, पण नंबर फिरवता यायचा नाही. किल्ली बाबांच्या खिशात. शेजारी आले की ते हात जोडून म्हणत, "किल्ली कुठं ठेवलीय, सापडतच नाही बघा." मला फार अपमान वाटला. मी काय धान्याची कोठी होतो?

बबीला मात्र कुलपाची फिकीर नव्हती. रिसीव्हर ठेवतात तिथली बटणं खटखट दाबली, तरी नंबर लागतो, हे तिने खेळता खेळता शोधून काढलं. तीनसाठी तीनदा, पाचसाठी पाचदा, आणि शून्य आलं की दहा वेळा. दोन आकड्यांमध्ये जरा थांबायचं. आई बाहेर गेली की ती मैत्रिणीला फोन लावायची. दोघी नुकत्याच शाळेत भेटलेल्या असायच्या, तरी बोलणं संपत नसे. हे गुपित तिचं आणि माझं होतं.

एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू धापा टाकत आल्या. "वहिनी, ह्यांच्या छातीत दुखतंय हो! घामानं भिजलेत. डॉक्टरांना बोलवा लवकर!"

आई माझ्याकडे धावली आणि कुलूप पाहून थबकली. किल्ली छापखान्यात, बाबांच्या खिशात. आईने कुलपात केसातला आकडा घातला, तो मोडला. काकू रडू लागल्या. बबी दाराशी उभी होती. बोललं तर बिंग फुटणार, नाही बोललं तर वरचे काका...

"आई, मला येतं," ती म्हणाली.

"काय येतं?"

"कुलूप न काढता लावायला."

आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "मग लाव की, मेले! बघतेस काय?"

डॉक्टरांच्या नंबरात दोन शून्यं. घाईत बबीचं मोजणं चुकलं. पहिल्यांदा फोन लागला तो लाकडाच्या वखारीत. "कुठलं लाकूड हवंय?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती रडवेली झाली. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर मोजत होतो. दुसऱ्या वेळी डॉक्टरच बोलले.

काका वाचले. संध्याकाळी बाबा घरी आले, सगळं ऐकून खुर्चीत बसले.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

बबी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

बाबांनी किल्ली काढून कुलूप उघडलं आणि ते कायमचं खिडकीबाहेर भिरकावलं. मग तिला जवळ ओढून म्हणाले, "मलाही शिकव."

त्याला आता खूप वर्षं झाली. घरोघरी मोबाइल आले. झाकणाची लोकर उसवली, माझ्यावर धूळ बसू लागली. आई गेली. बबी लग्न होऊन दूरच्या गावी राहते. बाबांनीही मोबाइल घेतला, पण आयुष्यभर खिळे वेचून त्यांच्या बोटांना इतके घट्टे पडले आहेत, की काचेला ती बोटं कळतच नाहीत. माझीही तबकडी अडकते आणि ती दुरुस्त करणारा कुणी उरला नाही.

मग बाबा माझ्याजवळ बसतात आणि बटणं दाबू लागतात. टक, टक, टक. बबीचा नंबर लांबलचक आहे. मध्येच मोजणं चुकतं, कुणी अनोळखी बोलतं. बाबा "माफ करा हं" म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

"बाबा, आज कितीदा चुकलात?" बबी हसून विचारते.

"एकदाही नाही!" बाबा ठणकावून सांगतात.

मी गप्प बसतो. घरातलं बाहेर सांगणं फोनला शोभत नाही.

मित्रांनो, मला रोज पुसलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरी फोन वाजला, तर "नंतर बघू" म्हणू नका. पलीकडे कुणीतरी चुकत, पुन्हा मोजत, तुमच्यापर्यंत आलेलं असतं.