मोठ्याने मानलेले आभार

सेंट कॉलमन चर्चच्या तळघरातली शुक्रवारचं तळलेल्या मासळीचं जेवण माझ्या हाताखाली चालतं, आणि तिथे माझा एकच कायदा आहे. निवडणुकीला उभं राहिलेल्या माणसानं बाहेर गाड्यांच्या जागेत काय नाचायचं ते नाचावं. दाराच्या आत यायचं असेल तर छातीवरचा बिल्ला काढायचा आणि एप्रन चढवायचा. ईस्टरआधीचे लेंटचे उपास लागले, शुक्रवारी मांस बंद झालं, की ओहायोतल्या आमच्या काउंटीचे झाडून सगळे उमेदवार मासळीच्या वासावर मांजरांसारखे गोळा होतात, म्हणून हा कायदा करावा लागला. शेरीफ येतो, खजिनदार येतो. त्या वर्षी अपील कोर्टाच्या न्यायाधीशाच्या जागेसाठी दोघं आली.

एक ब्रेन्डन गॅनन. उंच, देखणा, आणि ज्या आडनावाला आमच्याकडे लोक डोळे मिटून मत देतात तसल्या आडनावाचा. गरम भांडी उचलायची कापडं तो वाटायचा, प्रत्येकावर स्वतःचं नाव छापलेलं. आत काही आला नाही. एप्रननं सूट चुरगळला असता.

दुसरी लेनोर ह्रुस्का. साठीला टेकलेली, तीस वर्षं नुसती अपिलं चालवलेली वकीलबाई. पहिल्याच शुक्रवारी तिनं बिल्ला काढून पर्समध्ये टाकला, एप्रन बांधला आणि सगळ्यात जास्त काम कुठं तुंबलंय असं विचारलं. मी मोरीकडे बोट दाखवलं. तिथं पिएरोगीचे, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांचे, चिकट ट्रे रचून ठेवले होते. त्यानंतर दर शुक्रवारी ती तिथंच उभी असायची, जिथं एकही मतदार फिरकत नाही. भट्टीतून गरम ट्रे काढताना हातात गॅननची कापडं घ्यायची, कारण तीच सगळीकडे पडलेली असायची.

"रोझी, ही बाई निवडणूक लढवतेय की भांडी घासायची नोकरी बघतेय?" वॉल्ट मला विचारायचा.

वॉल्ट म्हणजे आमच्या कढईचा राजा. कारखान्यातून निवृत्त झालेला, हाताला चटका बसला तरी हूं की चूं न करणारा, आणि वकील म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारा. त्याच्या शेजारी माझा मुलगा जोएल मासळी तळायचा आणि ताटं तयार झाली की माइकवरून नंबर पुकारायचा. वॉल्टला स्वतःचं मूल नाही. आपली पिठाची कृती त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती जोएलला सांगितली होती.

मी आणि लेनोरबाई सगळ्यांसमोर अनोळखी असल्यासारख्या वागायचो. खरं म्हणजे त्या बाईचे माझ्यावर इतके उपकार आहेत की तिला ट्रे घासताना बघून माझा जीव वरखाली व्हायचा.

सांगते. जोएल एकोणीस वर्षांचा असताना, दुसऱ्या शहरात, एका पेट्रोल पंपावरच्या दरोड्यासाठी त्याला धरला. पंपावरच्या माणसानं अंधारात पाहिलेला चेहरा म्हणून याच्याकडे बोट दाखवलं आणि ज्यूरीनं ते मानलं. माझा पोरगा दोन वर्षं तुरुंगात होता. मी किती वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या ते मोजलं नाही. लेनोरबाईंनी कागद वाचले आणि मला फोन केला. त्या माणसानं आधी वेगळंच वर्णन दिलं होतं आणि ते ज्यूरीपुढे येऊच दिलं नव्हतं, हे त्यांनी शोधून काढलं होतं. अपील कोर्टानं शिक्षा रद्द केली. खटला पुन्हा उभा राहायच्या आतच खरा दरोडेखोर दुसऱ्या गुन्ह्यात सापडला आणि सरकारनं आपणहून केस मागे घेतली. जोएल तेव्हा बापाच्या आडनावानं होता. बाहेर आल्यावर त्यानं माझं आडनाव लावलं आणि आम्ही इथं, माझ्या बहिणीच्या गावाला आलो. इथं कुणाला काही माहीत नव्हतं. त्याला ते तसंच हवं होतं.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या पायऱ्यांवर लेनोरबाईंचे हात धरून रडत होते. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "रोझली, आभार मनात ठेवा. मोठ्यानं मानलेत तर कुणीतरी विचारेल, कशाबद्दल?"

मी ठेवले मनात. पण मनात ठेवलेली गोष्ट माझ्यासारख्या तोंडाळ बाईला आतून कशी पोखरते, ते मलाच ठाऊक.

न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला मोठमोठी आश्वासनं देता येत नाहीत. अमुक खटल्यात तमुक निकाल देईन, असं बोलायचीही सोय नाही. मग उरतं काय, तर हसणं आणि हात मिळवणं. ते गॅननला झकास जमायचं, आणि लेनोरबाईंचे हात कायम साबणात. तरीही वर्तमानपत्रं तिच्या अनुभवाचं कौतुक करत होती आणि पारडं बरोबरीला आलं होतं. दोघं एकाच पक्षाची, आणि आमच्याकडे पक्षातली उमेदवारीची प्राथमिक फेरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे नुसता उपचार, त्यामुळे मार्चमधल्या त्या मंगळवारीच काय ते ठरायचं होतं.

त्याच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी एक कागद आला. गजांमागे एक काळी सावली, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "दरोडेखोराला पळवाटेनं सोडवणारी बाई तुम्हाला न्यायाधीश म्हणून हवी?" राजधानीतल्या कुठल्याशा समितीनं काढलेला. गॅनन म्हणाला, तो माझा नाही. तो खोटा आहे, असं मात्र म्हणाला नाही.

लेनोरबाईंनी एक वाक्य बोलायचं होतं, की खरा चोर सापडला आणि सरकारनंच केस मागे घेतली. बस्स. पण तसं बोलल्यावर पत्रकार पहिला प्रश्न विचारणार, मग तो मुलगा आता कुठाय? म्हणून बाई तोंडात मूग धरून बसली.

शुक्रवारी मी तळघरात उतरले तर वॉल्टनं तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जोएल आधीच आला होता. कागदासमोर उभा राहून तो वाचत होता, आणि पलीकडून वॉल्ट त्याला सांगत होता की बघ पोरा, असल्या लोकांना मोकळं सोडतात आणि मग आपण दाराला दोन-दोन कुलपं लावतो. जोएल वळला आणि पीठ भिजवायला गेला.

गर्दी रंगात आल्यावर मी मोरीपाशी गेले.

"पुरे झालं. मी आज सगळ्यांना सांगणार," मी म्हणाले.

लेनोरबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. "ते गुपित तुमचं नाही, रोझली. माझंही नाही. जोएल माझा अशील आहे, आणि केस संपली म्हणून ते नातं संपत नाही."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर हरेन. वकिलीत पुष्कळ वेळा हरलेय, मला सवय आहे."

मागे जोएल उभा होता, घासायचे ट्रे घेऊन. त्यानं ते हळूच खाली ठेवले, एप्रनला हात पुसले आणि माइककडे गेला. मला वाटलं, नंबर पुकारायला चाललाय.

"बेचाळीस नंबर, ताट तयार आहे," तो म्हणाला. मग थांबला. "आणि अजून एक. दारावर जो कागद लावलाय ना, त्यातली सावली मी आहे. दरोडा मी घातला नव्हता. ज्यानं घातला तो पुढे सापडला, आणि ते कोर्टाच्या कागदांत आहे. ज्या बाईनं मला सोडवलं ती आत तुमचे ट्रे घासतेय. माझं नाव बाहेर येऊ नये म्हणून ती आठवडाभर गप्प राहिली. चार वर्षं तुम्ही माझ्या हातची मासळी खाताय. मला एवढंच सांगायचं होतं." आणि मग, त्याच आवाजात, "त्रेचाळीस नंबर."

कोपऱ्यातलं एक कुटुंब कोट घालून उठलं, ताटं तशीच टाकून निघून गेलं, आणि आजपर्यंत परत आलेलं नाही. मी वॉल्टकडे बघत होते. जोएलही त्याच्याकडेच बघत होता. मला कळत होतं की खोलीतल्या बाकी कुणाची त्याला पर्वा नाही.

वॉल्ट तेलाकडे बघत होता. "जोएल," तो शेवटी म्हणाला, "ही टोपली करपायला लागलीय. इकडे ये."

जोएल गेला. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून ढीगभर मासळी तळली.

आवरताना लेनोरबाई जोएलवर चिडल्या. डोळे पुसत चिडल्या. माझ्यासाठी असं करायची काही गरज नव्हती, म्हणाल्या.

"तुमच्यासाठी नाही केलं, बाई," जोएल म्हणाला. "दर शुक्रवारी वॉल्टकाकांच्या शेजारी उभं राहायचं आणि अर्धाच माणूस म्हणून उभं राहायचं, याचा कंटाळा आला होता."

मंगळवारी गारठा असा होता की थुंकी गोठावी. आमचं मतदान अग्निशामक दलाच्या इमारतीत असतं, आणि प्रचार करणाऱ्यांनी बाहेर रोवलेल्या झेंड्यांच्या पलीकडे उभं राहायचं असतं. मी सकाळी गेले तर झेंड्यापलीकडे वॉल्ट. हातात लेनोर ह्रुस्काच्या नावाची पाटी. तिची लोखंडी तार बोटांना झोंबत होती म्हणून त्यानं दोन्ही हातांना भांड्यांची कापडं गुंडाळली होती, गॅननच्या नावाची. मी हसले. तो म्हणाला, "हसू नकोस, रोझी. ऊब चांगली आहे." संध्याकाळी मी परत तिकडून गेले, तेव्हाही तो होता.

लेनोरबाई हरल्या. आमची काउंटी त्यांनी जिंकली, चांगल्या फरकानं जिंकली. पण अपील कोर्टाच्या हद्दीत आणखी सात काउंट्या आहेत, आणि तिथल्या लोकांनी तो कागद वाचला होता, जोएलला ऐकलं नव्हतं. मी रात्री रडले. सकाळी मात्र वाटलं, बरं झालं. तिनं न्यायाधीशाचा झगा घातला असता तर पुढच्या एखाद्या जोएलच्या आईनं फोन कुणाला करायचा होता?

पुढच्या शुक्रवारी ती आली. आता काढून ठेवायला बिल्लाही नव्हता. सरळ एप्रनकडे हात घातला, तो मी तिच्या हातातून काढून घेतला आणि तिला रांगेत उभं केलं, गिऱ्हाईक म्हणून. वॉल्टनं स्वतः तिचं ताट भरलं, सगळ्यात मोठा तुकडा आणि वर कोबीची कोशिंबीर. ताट हातात देताना त्यानं मान खाली घातली होती. "तो कागद मी लावला होता, बाई," एवढंच तो म्हणाला. तिनं त्याचा हात दाबला आणि मासळी छान दिसतेय, म्हणाली.

मग मी जोएलकडून माइक घेतला. मी काही भाषण करणारी बाई नाही.

"लेनोर ह्रुस्का," मी म्हणाले, "माझ्या घराकडून तुमचे आभार."

तळघर भरलेलं होतं. लोक माना वर करून बघत होते. आणि कशाबद्दल, हे कुणीच विचारलं नाही.