पिवळ्या दिव्याची बाळंतखोली

बाळंतिणीने महिना कसा पाळावा याची परीक्षा असती, तर आ-चिनबाई दोलियू गावात पहिल्या आल्या असत्या, आणि पेपरही त्यांनीच तपासले असते. सून पेइयुन दवाखान्यातून तान्ही लेक घेऊन घरी आली, त्याआधीच तिच्या खोलीच्या खिडकीला दुहेरी जाड पडदा लागला होता. वारा नको, थंड पाणी नको, केस धुणं नको, आणि वाचन तर मुळीच नको. बाळंतपणात डोळे शिणवले की म्हातारपणी आंधळेपण ठरलेलं, असं आ-चिनबाईंचं शास्त्र सांगत होतं. पांढरा दिवासुद्धा डोळ्यांना बाधतो, म्हणून कोपऱ्यात एक पिवळा बल्ब मिणमिणत होता. लोकांचा महिना तीस दिवसांचा असतो. आ-चिनबाईंचा चाळीस दिवसांचा होता. वरचे दहा त्यांनी सुनेला प्रेमाने भेट दिले होते.

त्या बल्बखाली पेइयुन सकाळी तिळाच्या तेलातली कोंबडी खायची, दुपारी तीच कोंबडी खायची आणि संध्याकाळी सासूबाईंचे आभार मानायची. डोक्यावरच्या केसांचा एव्हाना तेलकट गोळा झाला होता. शेजारी बाळ झोपलेलं असायचं. तिचं लाडाचं नाव दोउदोउ, म्हणजे घेवड्याचा दाणा.

हा दाणा जरा जास्तच पिवळा होता. जन्मानंतरची कावीळ आठवडा-दोन आठवड्यांत उतरते, नाही उतरली तर दाखवायला आणा, असं दवाखान्याने सांगितलं होतं. पण दवाखान्याला काय कळतंय? घरात आ-चिनबाई होत्या ना.

"अगं, अंगावरच्या दुधाने होते ती," त्या म्हणाल्या. "आमच्या चुंगवेइला दोन महिने होती. काय झालं त्याला? बँकेत साहेब झालाय!"

साहेब दारात उभे राहून मान डोलावत होते. आईच्या बोलण्यावर मान डोलवायचा चुंगवेइचा अनुभव बँकेतल्या नोकरीपेक्षा जुना होता.

त्याची थोरली आत्या बाळाला बघायला आली, ती तर हरखूनच गेली. "अगंबाई, सोन्याचं पोर गं! देवळातल्या देवीचा रंग घेऊन आलंय!"

पेइयुन हसली खरी. पण डायपर बदलताना तिला हल्ली काहीतरी खटकत होतं. शी फिकी वाटायची. लघवीचे डाग मात्र चहासारखे गडद पडायचे.

बाळाबरोबर दवाखाना एक पुस्तिका देतो. तिच्यात शीच्या रंगांचं कार्ड असतं. अमुक रंग ठीक, आणि हे फिके रंग दिसले तर बाळाला उचला आणि डॉक्टरकडे पळा, इतकी सोपी गोष्ट. सरकारने एवढी अक्कल लढवून ते कार्ड छापलं, घरोघर पोचवलं. आणि आ-चिनबाईंनी ते कपाटात कुलूपबंद केलं, कारण पुस्तिका ही वाचायची वस्तू.

"अहो, तेवढी पुस्तिका आणून द्या ना," पेइयुन नवऱ्याला हळूच म्हणाली.

"आईला कळलं तर?"

"तर तुम्हाला घराबाहेर काढतील. तेवढं सोसा लेकीसाठी."

चुंगवेइने आपल्याच घरात चोरी केली. दोघांनी दिव्याखाली कार्ड धरलं, शेजारी डायपर धरला. त्या उजेडात कार्डावरचे सगळेच रंग एकमेकांचे चुलतभाऊ वाटत होते.

"पिवळीच आहे की!" चुंगवेइने सुटकेचा श्वास टाकला. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

तिलाही तेच हवं होतं. ती पिवळीच आहे असं स्वतःला बजावून ती झोपली.

बाळ महिन्याचं झालं की घालायच्या जेवणाचा दिवस उजाडला. सकाळपासून घरात तेलातल्या चिकट भाताच्या डब्यांची थप्पी लागली होती, लाल रंगवलेली अंडी टोपलीत चमकत होती, आणि पाहुण्यांनी बैठक भरली होती. उत्सवमूर्ती आत झोपली होती. आज बाळंतिणीवर दया म्हणून कोंबडीबरोबर साधा भात आला. पेइयुनने झाकण काढलं आणि तिचा हात तिथेच थबकला.

भात पिवळा दिसत होता.

तिने वाडगा पाहिला. पांढरा चिनी मातीचा वाडगाही पिवळा दिसत होता. भिंत पिवळी, चादर पिवळी, तिचा स्वतःचा तळहात पिवळा. या खोलीत पिवळं नाही असं होतं तरी काय? आणि ती मूर्खासारखी इथे रंग ताडून पाहत होती!

तिने नुकताच बदललेला डायपर उचलला, खिडकीशी गेली आणि दोन्ही पडदे फाडकन बाजूला सारले. ऊन आत आलं. डायपरमध्ये तांदळाच्या पिठाचा ओला गोळा ठेवावा, तसली शी होती. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. तिने वळून बाळाकडे पाहिलं. उजेडाने दोउदोउने डोळे किलकिले केले. डोळ्यांतलं पांढरं मात्र हळदीसारखं होतं.

"अगं ए! मेलीस का काय! वारा लागेल ना!" आ-चिनबाई धावत आल्या.

"अहो आई, हे बघा. आधी हे बघा."

"पाहुणे बसलेत आणि तू मला घाण दाखवतेस?"

"हो, दाखवते! पाहुण्यांनाही दाखवेन! ही माझ्या पोरीची शी आहे आणि ती पांढरी आहे!"

बैठकीत आत्याच्या हातातलं लाल अंडं अर्धवट सोललेलं राहिलं.

"जेवणं होऊ देत," आ-चिनबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुझे चाळीस दिवस पुरे होऊ देत. मग जाऊ की सगळे. आत्ता बाहेर पडलीस तर जन्मभर डोकं दुखेल तुझं."

"दुखू दे!" पेइयुनला हुंदका फुटला. "माझं डोकं दुखेल हो, पण हिचं काय होईल ते कळतंय का कुणाला या घरात?"

चुंगवेइने आईकडे पाहिलं. मग खिडकीतल्या उन्हात बाळाकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा मान न डोलावता त्याने गाडीची किल्ली उचलली.

तेलकट केस, चुरगळलेला झगा आणि सपाता अशा थाटात पेइयुन बाळाला छातीशी धरून भरल्या बैठकीतून निघाली. मागून आ-चिनबाई लोकरीची टोपी घेऊन पळाल्या. "निदान टोपी तरी घाल! अगं, कान तरी झाक!" टोपी सुनेच्या डोक्यावर बसवायच्या नादात त्या गाडीत चढल्या, आणि दार लागलंसुद्धा.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलत होत्या. यकृतातून पित्त खाली उतरायची वाटच बंद आहे. साचलेलं पित्त यकृताला खात चाललंय. ऑपरेशन करून आतड्याला नवी वाट जोडून देता येते, पण ती लवकर जोडावी लागते. उशीर झाला की तिचा उपयोग होत नाही. जोडल्यावरही पुढे कधी नवं यकृत लागेल की नाही, ते आज सांगता येणार नाही.

"आत्ता आणलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण शीचा रंग बदलला, ते आधी लक्षात नाही आलं कुणाच्या?"

आ-चिनबाई टोपीचा गोंडा पिळत बसल्या. चुंगवेइला बँकेत असल्याचा याबाबतीत काहीच उपयोग झाला नाही. पेइयुनला सासूचं नाव घ्यायचं होतं, ते जिभेवर आलंही होतं. पण त्या पिवळ्या दिव्याखाली सुटकेचा श्वास तिनेही टाकला होता.

"आमच्या खोलीत उजेड नव्हता," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. घेवड्याच्या दाण्याच्या पोटावर आडवी पट्टी आली. आता सगळ्यांनी एकाच गोष्टीची वाट पाहायची होती. शीला रंग आला, तर पित्ताला वाट मिळाली. दोउदोउची शी ही एव्हाना घराण्यातली सर्वात मानाची गोष्ट झाली होती. थोरली आत्या गावाहून सकाळ-संध्याकाळ फोन करून तिची ख्यालीखुशाली विचारायची.

त्या दुपारी पेइयुन खाटेला टेकून पेंगत होती. नर्सने डायपर बदलला आणि नेहमीप्रमाणे रंगाची नोंद करायला उचलला, तोच आ-चिनबाईंनी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

"अहो आजी, तो द्या इकडे!"

"थांब गं बाई, इथे नको. या दिव्यात नको."

डायपर दोन्ही हातांत प्रसादाच्या ताटासारखा धरून त्या खिडकीशी गेल्या. कोपराने त्यांनी पडदा ढकलला, तो पुरता सरकेना म्हणून दातांनी धरून ओढला. खिडकीही ढकलून उघडली. वारा सरळ आत आला, सुनेच्या अंगावर आला, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या उन्हात वाकून बघत राहिल्या.

"आई?" पेइयुन उठून बसली. "आई, काय आहे?"

"हिरवट आहे," आ-चिनबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "हिरवट आहे गं! ये, बघ, माझे डोळे म्हातारे झालेत, तू बघ!"

पेइयुन आली, तिने पाहिलं. खरंच, हिरवट पिवळी होती. दोघी खिडकीत उभ्या राहून त्या डायपरवर ढसाढसा रडल्या, आणि नर्स डायपर परत मागायला संकोचली.

मग आ-चिनबाईंनी बाहीने नाक पुसलं आणि सुनेकडे पाहिलं. चाळीस दिवस अजून पुरे व्हायचे होते, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"जा," त्या म्हणाल्या. "केस धुऊन ये. मी बसते तिच्यापाशी. पडदा उघडाच ठेवते."