अंबुबाईचे टाळ बँकॉकला गेले

या माऊली, जरा पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकून ऐकायची ही गोष्ट नव्हे. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात ना, तसं आज मी लावणार आहे. फक्त माझ्या आख्यानात राजा नाही, राणी नाही. पोळ्या लाटणाऱ्या तीन बायका आहेत आणि त्या विमानात बसून बँकॉकला गेल्या आहेत. हसा, हसा. आम्हीही हसलोच होतो.

तिघींतली एक मी, जयमाला, निघोज्याची. दुसरी अंबुबाई, आमच्याच आळीतली. तिसरी केसरबाई, थेरगावची. तिच्या घरी बुद्धवंदना झाल्याशिवाय चूल पेटत नाही. महाळुंग्याच्या एका कंपनीच्या कँटीनात आम्ही वर्षानुवर्षं एकाच ओट्यावर पोळ्या केल्या. अंबुबाई अभंग धरायची, केसरबाई पोळपाटावर लाटण्यानं ठेका द्यायची, मी तव्याशी. शिफ्टची पोरं ताट घेऊन उगाच रेंगाळायची. आमच्या देवळात एकादशीच्या भजनाला चाल लावायची तीही अंबुबाईच. तिचा सूर लागला की मृदंगवाल्याचा हात आपोआप हलका व्हायचा.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. अंबुबाईनं देवळाची पायरी सोडली. एक दिवस घरी आली, आपले टाळ माझ्या ओटीत टाकले आणि हातानं खूण केली: दे कुणाला तरी.

भजन बंद पडेल याची मला भीती नव्हती. चाल कुणीतरी लावतंच. पण टाळ देऊन टाकलेलं माणूस पुढं हळूहळू आणखी काय काय देऊन टाकतं, ते मी पाहिलेलं आहे. भीती त्याची होती.

त्यातच केसरबाईनं बँकॉकचं काढलं. तिथल्या पहुडलेल्या बुद्धांना एकदा वंदन करायचं, हे तिच्या फार दिवस मनात होतं. माझा पुतण्या पिंटू स्वस्तातल्या सहली नेतो. तो म्हणाला, "काकू, एका खोलीत तिघी. नाश्ता फुकट, बाकी पोटाचं तुमचं तुम्ही बघायचं."

अंबुबाईनं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"चल की गं," केसरबाई म्हणाली. "त्या परमुलखात ही जयमाला मला बोलून बोलून मारून टाकील. मधे बसायला तरी कुणी हवं ना?"

अंबुबाईच्या ओठांची कड हलली. आम्ही त्यालाच होकार धरला.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सगळं बांधलं. आणि कुणाला न सांगता मी पिशवीच्या तळाशी अंबुबाईचे टाळ ठेवले. पुण्याच्या विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि तपासणीच्या साहेबानं अडवली. "माताजी, ये क्या है?" मी टाळ काढले आणि कळावं म्हणून एकदा वाजवून दाखवले. खण्णकन आवाज झाला, अख्खी रांग वळली. साहेबानं हसून हात जोडले. अंबुबाईनं मात्र निळ्या गोंड्यांवरून आपले टाळ ओळखले. लेकीच्या लहानपणच्या फ्रॉकच्या चिंधीचे गोंडे ते, तिनं स्वतः बांधलेले. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की विमानभर माझ्या घशाखाली दशमी उतरली नाही.

बँकॉकला उतरलो आणि नवल बघा माऊली. जी बोलभांड मी, ती मुकी झाले. तिथलं कुणाला माझं कळेना, मला कुणाचं कळेना. केसरबाई आपली मोठ्यानं मराठी बोलायची, जणू समोरच्याला कमी ऐकू येतंय.

"अगं बये, ती बहिरी न्हाई, थायी हाय!" मी म्हटलं.

आणि वर्षभर खुणांवर संसार चालवलेली अंबुबाई सरसावून पुढं झाली. रस्त्याकडेच्या गाडीवर तिनं कोंबडीसारखे पंख फडफडवले, तळव्यानं मासा पोहवून दाखवला, गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावला आणि कोपरापासून हात जोडले. गाडीवाली पोट धरून हसली. पानात भात आला, भाजी आली, मासा नाही! पिंटू म्हणाला, "काकू, पुढच्या ट्रिपला गाईड म्हणून अंबूमावशीच." अंबुबाईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पण टाळांचा राग होताच, माझ्याकडं बघेना.

तिसऱ्या दिवशी देवळात गेलो. केवढे ते बुद्ध! उजव्या कुशीवर निवांत पहुडलेले, सोन्यानं झळकणारे. पांढऱ्या साडीतली केसरबाई गुडघ्यांवर बसली आणि वंदना म्हणताना रडली. मीही टेकले. शांत माणसासमोर डोकं टेकायला मला कधी कुणाला विचारावं लागलेलं नाही.

मूर्तीच्या पाठीमागच्या भिंतीशी काशाची भांडी ओळीनं मांडलेली, जपमाळेच्या मण्यांइतकी, एकशेआठ. पैसे देऊन वाटीभर सुटी नाणी घ्यायची आणि प्रत्येकात एकेक टाकत जायचं, अशी तिथली रीत. काशाची भांडी, म्हणजे आपल्या टाळांच्याच जातीची. लोक टाकत होते, नाद होत होता, पण विस्कळीत, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

अंबुबाई आमच्या पुढं होती. काही भांड्यांनंतर तिचा हात थबकला. मग नाणं पडलं. थांबून दुसरं. मग दोन जवळजवळ.

केसरबाईनं माझा दंड धरला. "जयमाले, ऐक. आपला ओटा!"

खरंच, तोच ठेका. अंबुबाईच्या पुढं पिकल्या केसांची एक तिथलीच म्हातारी होती. तिनं वळून पाहिलं. हसली. आणि अंबुबाईचा ठोका पडला की मधल्या रिकाम्या जागेत आपलं नाणं टाकू लागली. भजनात समोरासमोर उभे टाळकरी एकमेकांना उत्तर देतात, अगदी तसं. एक नाणं हिचं, एक तिचं. अर्ध्या वाटेत अंबुबाईची नाणी संपली. म्हातारीनं आपल्या वाटीतली ओंजळभर तिच्या तळव्यावर ओतली. ठेका तुटू दिला नाही.

शेवटच्या भांड्यापाशी अंबुबाईनं केलं ते आपण भजन संपल्यावर करतो तेच. वाकून म्हातारीच्या पायांना हात लावायला गेली. तिकडं पायांना असं कुणी शिवत नसावं. म्हातारी दचकून मागं सरली, मग काय समजायचं ते समजली आणि स्वतःही वाकली. दोघींची डोकी ठाणकन आपटली! दोघी कपाळ चोळत हसल्या. एकीला आवाज होता, एकीला नव्हता, पण हसणं सारखंच दिसत होतं. म्हातारी हात जोडून गर्दीत गेली.

बाहेर झाडाखाली बसलो. अंबुबाईनं माझ्यापुढं हात पसरला. मी पाण्याची बाटली दिली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि तळव्यावर तळवा मारला.

मी पिशवीच्या तळाशी हात घातला.

तिनं हळू वाजवायला घेतलं, केसरबाईनं दशम्यांच्या डब्यावर बोटं धरली, आणि गायला उरले मी, जन्माची बेसूर. सूर सुटला की अंबुबाई डोळे वटारी. मी सावरून घेई.

आता आमच्या एकादशीला चाल अशीच लागते. अंबुबाई टाळ घेऊन मधे उभी राहते आणि डोळ्यांनी चाल सांगते.

म्हणून माऊली, एक मागणं. त्या म्हातारीचं नाव आम्हाला विचारता आलं नाही. तुम्ही टाळ हातात घ्याल, तेव्हा पहिल्या ठोक्याआधी क्षणभर तिला आठवा. नाव नसलं तरी चालेल. पांडुरंगाला पत्ता लागतो.